वाइन आणि चॉकलेटची जोडी: नाशिकचा आस्वाद, इंदूरची उजळणी

इंदूरच्या लोकमान्य नगरात मी गेली काही वर्षे घरच्या घरी चॉकलेट करून विकते. दिवाळी, लग्नसराई आणि फेब्रुवारीतला व्हॅलेंटाइनचा आठवडा हे माझे हंगाम आहेत. या शेवटच्या हंगामात ऑर्डर देणारी तरुण मंडळी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारू लागली होती, की रेड वाइनबरोबर कोणते चॉकलेट चांगले लागेल. रेड वाइनचा पेला आणि शेजारी काळ्याभोर डार्क चॉकलेटचा तुकडा हे चित्र जाहिरातींनी लोकांच्या मनावर इतके ठसवले आहे, की ही जोडी मुळात जमते का, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मला तो पडला होता. चॉकलेट हा माझ्या हातातला जिन्नस आहे. ते वितळताना आणि पुन्हा बसताना काय होते हे मी रोज पाहते. वाइनविषयी मात्र जे काही ठाऊक होते ते सगळे ऐकीव होते, आणि ऐकीव माहितीच्या भरवशावर ग्राहकाला सल्ला देणे माझ्या मनाला पटत नव्हते. त्यामुळे जिथे वाइन तयार होते तिथेच जाऊन, जाणकाराच्या देखरेखीखाली, चॉकलेटबरोबर तिचा आस्वाद घ्यायचा असे मी ठरवले.

नाशिकला माझी नणंद राहते, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. इंदूरहून नाशिक सुमारे 400 किलोमीटर आहे आणि आग्रा-मुंबई महामार्गाने खलघाटला नर्मदा ओलांडून, सेंधवा, धुळे, मालेगाव करत दिवसभरात सहज पोहोचता येते. आम्ही जानेवारीच्या अखेरीस गेलो, कारण आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते आणि एरवी रिकामी दिसणारी यंत्रे तेव्हा चालू असतात. युरोपात हीच तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरपासून पुढे चालते. नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये, खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी. पावसाळ्यात फळ धरले तर ते कुजेल, म्हणून वेलीचे सारे वेळापत्रकच असे हिवाळ्याकडे वळवलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या या पठारावर हिवाळ्यात रात्री चांगल्या गार होतात, आणि त्या गारव्यामुळे फळातला आंबटपणा टिकून राहतो. वाइनला साखरेइतकीच या आंबटपणाची गरज असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले.

नाशिकमध्ये टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखून पाहण्याची खोली, ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सुला या वाइनरीची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली आणि 2005 मध्ये तिने पर्यटकांसाठी टेस्टिंग रूम उघडली. त्यानंतर गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीच्या बाजूला अनेक वाइनऱ्यांनी अशी सोय केली. आम्ही ज्या ठिकाणी गेलो ते त्या मानाने लहान होते. चॉकलेटबरोबरचा आस्वाद हवा असेल तर आगाऊ नोंदणी करा, असे त्यांनी फोनवर सांगितले होते. तसेच त्या दिवशी अत्तर किंवा सेंट लावू नका आणि जेवून या, या त्यांच्या दोन सूचना होत्या. त्यातल्या पहिलीचा उपयोग पुढे कळला.

आस्वादाआधी वाइनरी दाखवतात. आम्हाला फिरवणारा तरुण निफाडकडचा होता. त्याच्या घरी खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे, त्यामुळे त्याच्या बोलण्यात पाठ केलेल्या माहितीचा कोरडेपणा नव्हता. त्याने आधी शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षांचा एक घड हातात दिला. मणी वाटाण्याहून थोडे मोठे, जाड सालीचे आणि बियांचे होते. आपण बाजारातून आणतो त्या थॉमसनच्या लांबट, बिनबियांच्या द्राक्षांशी त्यांचे काहीच साम्य नव्हते. "ताई, साल चावून बघा, गर सोडून द्या," तो म्हणाला. मी तसे केले, तेव्हा हिरड्या आणि गालांची आतली बाजू एकदम आवळल्यासारखी झाली. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. ते साल आणि बिया यांत असते आणि लाळेतल्या प्रथिनांना चिकटून लाळेचा बुळबुळीतपणा काढून घेते. म्हणून तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. व्हाइट वाइन करताना रस लगेच साल-बियांपासून वेगळा काढतात, तर रेड वाइन सालीसकट आंबवतात. तिचा रंग आणि तुरटपणा दोन्ही तिथूनच येतात. स्टीलच्या उंच टाकीत वर तरंगून आलेला सालींचा जाड थर आणि त्यावर खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा सोडणारी नळी आम्ही जिन्यावर चढून पाहिली. तिथला वास ताज्या पावासारखा आणि किंचित नाकात झोंबणारा होता. यीस्ट साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते. एक लीटर रसातल्या साधारण 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते, असा हिशेब त्याने सांगितला. यीस्टने सगळी साखर संपवली की जी वाइन उरते तिला ड्राय म्हणतात. हा हिशेब मी वहीत लिहून घेतला, कारण पुढे चॉकलेटशी गाठ घालताना सगळा प्रश्न साखरेचाच असणार, असा मला अंदाज होता.

टेस्टिंग रूम म्हणजे एका बाजूला पूर्ण काच असलेली लांबट खोली होती. टेबलावर प्रत्येकापुढे आकडे छापलेला पांढरा कागद होता आणि त्या आकड्यांवर तोंडाशी निमुळते होत जाणारे पाच पेले मांडलेले होते. पाणी, बिनमिठाची साधी बिस्किटे आणि एक उंच भांडे शेजारी होते. हे भांडे तोंडातली वाइन टाकून देण्यासाठी असते आणि ते वापरण्यात कोणताही अनादर नाही, असे त्या तरुणाने आधीच सांगितले, ते मला आवडले. माझ्या नणंदेने त्याचा मोकळेपणाने वापर केला. प्रत्येक पेल्यात साधारण 30 मिलीलीटर वाइन ओतली जाते, म्हणजे पाच पेल्यांची मिळून एका मोठ्या पेल्याइतकी होते. माझे यजमान गाडी चालवणार असल्यामुळे त्यांनी फक्त चॉकलेट आणि द्राक्षांचा रस घेतला.

मग चॉकलेटची ताटली आली आणि मी माझ्या धंद्याच्या नजरेने ती तपासली. तुकडे फ्रिजमधून काढलेले नव्हते. खोलीच्या तापमानाला, बावीसएक अंशाला, ठेवलेले होते. पृष्ठभागावर आरशासारखी चमक होती आणि 70 टक्के कोको असलेल्या डार्क चॉकलेटचा तुकडा मोडताना 'कट्' असा स्वच्छ आवाज आला. टेम्परिंग व्यवस्थित झाल्याची ती खूण असते. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते आणि त्यातला हवा तो एकच प्रकार मिळावा यासाठी डार्क चॉकलेट 45-50 अंशांपर्यंत वितळवून, 27-28 अंशांपर्यंत थंड करून, पुन्हा 31-32 अंशांवर आणावे लागते. असे बसलेले चॉकलेट सुमारे 34 अंशांना वितळते, म्हणजे हातात टिकते आणि तोंडात विरघळते. वाइनबरोबर घ्यायच्या चॉकलेटमध्ये हा गुण अत्यावश्यक आहे. बाजारात कंपाउंड नावाने जे स्वस्त चॉकलेट मिळते त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल असते. ते टेम्पर करावे लागत नाही, त्यामुळे घरगुती व्यवसायात फार वापरले जाते. पण ते तोंडात पूर्ण न वितळता टाळूवर मेणचट थर धरून राहते आणि त्या थरावरून वाइन नुसती घसरून जाते. वाइनबरोबर कंपाउंड देऊ नये, या माझ्या मताला तिथे भक्कम आधार मिळाला.

हे चॉकलेट आंध्रातल्या पश्चिम गोदावरी भागातल्या कोकोचे आहे, असे त्या तरुणाने सांगितले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी नाशिकमधून निघून सुमारे 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमाकडच्या पठारावर द्राक्षे आणि मुखाकडच्या नारळाच्या बागांत, सावलीला, आंतरपीक म्हणून कोको. एकाच नदीच्या दोन टोकांची पिके माझ्यासमोर एका ताटलीत आणि पेल्यात होती. कोकोच्या फळातल्या बिया पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या असतात. त्या गरासकट पेटीत भरून केळीच्या पानांनी झाकतात आणि पाच-सात दिवस आंबवतात. इथेही आधी यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, मग जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्ल करतात, पेटीतली उष्णता 50 अंशांच्या आसपास जाते आणि बीमधला अंकुर मरून चवीची पूर्वतयारी होते. चॉकलेट आणि वाइन दोन्ही आंबवलेल्या फळातून येतात आणि दोन्हींमध्ये तुरट द्रव्ये असतात. याच साम्यामुळे लोक त्यांची जोडी गृहीत धरतात. पण दोन तुरट पदार्थ एकत्र आले की तुरटपणा वाढतो, ही साधी गोष्ट त्यात राहून जाते.

रीत त्याने एकदाच सांगितली आणि शेवटपर्यंत आमच्याकडून पाळून घेतली. पेला दांड्याला धरायचा, कागदाच्या पांढऱ्या भागावर तिरका करून रंग पाहायचा, हलवण्याआधी एकदा आणि हलवल्यावर एकदा वास घ्यायचा. "आधी नुसती वाइन. मग चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका, अर्धा विरघळू द्या. मग वाइनचा दुसरा घोट. पहिला घोट आणि दुसरा घोट यांत काय बदललं, एवढंच मला सांगा." सेंट का लावायचा नाही, हे वास घेताना कळले, शेजारच्या टेबलावरचा उग्र सेंट आमच्या पहिल्या पेल्यात मिसळत होता.

पहिली वाइन शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाची होती, थोडा गोडवा शिल्लक ठेवलेली, आणि तिच्याबरोबर लिंबाची साल किसून घातलेले व्हाइट चॉकलेट. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोची पूड नसतेच. कोको बटर, दूध आणि साखर एवढेच असते. त्याचा तुपकटपणा वाइनच्या आंबटपणाने धुऊन निघाला आणि तोंड स्वच्छ झाले. जोडी छान होती, तरी लक्षात राहण्यासारखी नव्हती. दुसऱ्या पेल्यातली झिनफँडलची गुलाबी वाइन आणि महाबळेश्वरच्या वाळवलेल्या स्ट्रॉबेरीचे मिल्क चॉकलेट यांचेही तसेच. स्ट्रॉबेरीचा आंबटपणा मध्ये होता म्हणून निभावले.

तिसऱ्या पेल्यापाशी मी थबकले. शिराझ होती आणि तिच्याबरोबर 55 टक्क्यांचे, ताजी काळी मिरी भरडून घातलेले चॉकलेट होते. नुसत्या शिराझचा वास घेतला तेव्हाच जांभळाच्या वासाआड मिऱ्याचा वास आला. मला वाटले की ताटलीतला वास येतो आहे, म्हणून मी पेला घेऊन खिडकीशी गेले. तरी तो होताच. त्या तरुणाने खुलासा केला की शिराझमध्ये रोटंडोन नावाचे एक द्रव्य असते आणि काळ्या मिरीचा वासही त्याच द्रव्याचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये हे दाखवून दिले. पेल्यात जो वास आहे तोच चॉकलेटमध्ये मुद्दाम ठेवला की दोन्हींना जोडणारा एक धागा तयार होतो. चॉकलेट अर्धे विरघळल्यावर दुसरा घोट घेतला, तेव्हा वाइन थोडी अधिक तुरट झाली खरी, पण मिरीचा दरवळ घशापर्यंत एकसंध उतरला. माझ्या कामाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट होती. मी आजवर चॉकलेटमध्ये काय घालायचे हे चॉकलेटपुरतेच ठरवत आले होते. आता पेल्यात काय असणार आहे हे आधी विचारून त्याप्रमाणे चॉकलेट करता येईल, ही दिशा मला तिथे मिळाली.

चौथा पेला म्हणजे ज्या प्रश्नासाठी मी आले होते तो प्रश्नच होता: कॅबर्ने सोव्हिन्याँ ही ड्राय रेड वाइन आणि 70 टक्क्यांचे डार्क चॉकलेट. पहिला घोट उत्तम होता. काळ्या मनुकांसारखी चव, ओकच्या पिंपात मुरल्यामुळे आलेला किंचित व्हॅनिलाचा गंध, मजबूत पण आटोक्यातला तुरटपणा. चॉकलेटही उत्तम होते. त्यात आधी फळांचा आंबटपणा आणि मग भाजलेल्या दाण्यांची चव येत होती. दुसरा घोट घेतला आणि दोन्ही बिघडली. वाइनमधले फळ नाहीसे झाले, आंबटपणा टोकदार झाला आणि चॉकलेटचा कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ रेंगाळला. माझ्या नणंदेने तर लगेच पाणी मागितले. "वहिनी, दोन्ही वेगवेगळे इतके छान होते!" ती म्हणाली. सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खाऊन लगेच चहाचा घोट घेतला की साखर घातलेला चहासुद्धा फिका लागतो, हा इंदूरकरांचा रोजचा अनुभव आहे. इथे नेमके तेच घडत होते. जिभेला गोडाची सवय झाली की त्यानंतर येणारा कमी गोड पदार्थ आंबट आणि कडू भासतो. 70 टक्क्यांचे चॉकलेट आपण कडू म्हणतो, तरी त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 30 ग्रॅम साखर असते. ड्राय कॅबर्नेमध्ये एका लीटरमागे साखर जेमतेम दोन-चार ग्रॅम उरलेली असते. त्या साखरेपुढे वाइनचा निभाव लागणे शक्यच नाही, आणि त्यात कोकोचा तुरटपणा वाइनच्या तुरटपणाला येऊन मिळतो.

मी त्या तरुणाला विचारले, की मग ही जोडी ताटलीत ठेवलीच कशासाठी. त्याने दिलेले उत्तर मला फार प्रामाणिक वाटले. लोक हीच जोडी मागतात, म्हणून ती ठेवतो, पण त्यानंतर काय ठेवायचे ते आम्ही ठरवतो, असे तो म्हणाला. त्याने मला दुसऱ्या ताटलीत उरलेल्या मिल्क चॉकलेटचा तुकडा त्याच कॅबर्नेबरोबर घ्यायला सांगितले. दुधातले केसिन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवते, त्यामुळे तुरटपणा खरोखरच खाली बसला. गोडव्याची अडचण राहिली, म्हणून वाइन अजूनही थोडी आंबट लागली; तरीही डार्क चॉकलेटपेक्षा हा मेळ निश्चितच बरा होता. रेड वाइनला डार्क चॉकलेटच हवे, या समजाच्या नेमके उलट मला तिथे चाखायला मिळाले.

पाचव्या पेल्यात सोनेरी रंगाची, उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लांची गोड वाइन होती. घड वेलीवरच जास्त दिवस ठेवतात, मण्यांतले पाणी कमी होते, साखर दाटते, आणि यीस्ट थांबल्यावरही बरीच साखर शिल्लक राहते. मध, जर्दाळू आणि बेदाणे यांचा वास दुरूनच येत होता. तिच्याबरोबर वेगळे चॉकलेट न देता त्याने 70 टक्क्यांचा तोच उरलेला तुकडा घ्यायला सांगितले. तुकडा विरघळू दिला, घोट घेतला आणि मी काही क्षण काहीच बोलले नाही. कडूपणा पूर्ण गेला नव्हता, तो जागेवर होता, पण त्याच्या भोवती मध आल्यामुळे त्याला आकार आला होता. आधी न जाणवलेली संत्र्याच्या सालीची चव चॉकलेटमधून वर आली. वाइनचा गोडवाही नुसता गोड न राहता खोल झाला. एकाच चॉकलेटला चौथ्या पेल्याने बिघडवले होते आणि पाचव्याने उलगडले होते. वाइन ही चॉकलेटइतकी गोड किंवा त्याहून अधिक गोड हवी, हा नियम मी पूर्वी वाचलेला होता. तो जिभेवर सिद्ध होताना अनुभवणे ही निराळी गोष्ट होती. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट वाइन डार्क चॉकलेटबरोबर एवढी नावाजली जाते त्याचे कारणही हेच, असे त्याने सांगितले. पोर्ट करताना रस पूर्ण आंबण्याआधीच त्यात द्राक्षांचे मद्यार्क घालतात, त्यामुळे यीस्ट मरते, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांपर्यंत जाते.

शेजारच्या टेबलावर कोणीतरी, वाइन आणि चॉकलेट दोन्ही हृदयाला चांगली, असे म्हणत होते. मला तो आधार घ्यावासा वाटत नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्टपणे म्हटले आहे. चव समजून घेण्यासाठी 30 मिलीलीटर पुरते, आणि टाकून देण्याचे भांडे असते, हे माहीत असणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात दारूच्या बाटल्या नेण्यावर निर्बंध आहेत, म्हणून आम्ही तिथून फक्त चॉकलेट आणि माझी भरलेली वही घेऊन निघालो. नाशिकच्याच वाइन इंदूरच्या परवानाधारक दुकानांत मिळतात. शिराझ आणि कॅबर्ने लगेच मिळाल्या. गोड वाइन मात्र शोधावी लागली, कारण तिला उठाव कमी असतो. शेवटी 375 मिलीलीटरची छोटी बाटली मिळाली, आणि अशा वाइनला तेवढी बाटली भरपूर होते.

फेब्रुवारीत आमच्या भिशीच्या मैत्रिणींना मी घरी बोलावले. माळव्यातल्या रात्री तेव्हा गार असतात आणि एसीवाचून चॉकलेट टिकते. मे महिन्यात, पारा 40 च्या वर असताना, हा बेत मी करणार नाही. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे म्हणतात, ते थंड देशांतल्या खोल्यांना धरून आहे. मी ती वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून 17-18 अंशांवर आणली, गोड वाइन त्याहून बरीच थंड दिली, आणि चॉकलेट मात्र तासभर आधी बाहेर काढले. निमुळत्या तोंडाचे पेले सगळ्यांना पुरतील इतके नव्हते, तेव्हा स्टीलचे पेले न वापरता काचेचे लहान ग्लास अर्ध्याहून कमी भरले, म्हणजे वास साठायला जागा राहते.

सगळ्याच जणी वाइन घेणाऱ्या नव्हत्या आणि तसा आग्रहही नव्हता. त्यांच्यासाठी मी काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट काढून, न गाळता, थंड करून ठेवला होता. रस चॉकलेटपुढे फिका पडत नाही आणि सालीमुळे थोडा तुरटपणाही येतो, त्यामुळे त्यांनाही चवीतला फरक सांगता आला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्या वाइनच्या वाटेला जात नाहीत, त्यांनी सर्वांत नेमके मत दिले. 70 टक्क्यांचा तुकडा रसाबरोबर घेऊन त्या म्हणाल्या, "अगं, कडू आहे ते चालेल, पण त्यावर मिठाचे दोन खडे टाकून बघ. आपण कारल्याला नाही का मीठ चोळत?" मी लगेच जाड समुद्री मीठ आणून तुकड्यांवर अगदी थोडे टाकले. मिठातले सोडियम कडू चव दाबते, हे शास्त्राला मान्य आहे; पण कॅबर्नेबरोबर ते इतका फरक पाडेल असे मला वाटले नव्हते. तोच चौथा पेला, जो नाशिकला तोंडात बिघडला होता, मिठामुळे पिण्याजोगा झाला. गोडव्याची उणीव त्याने भरून निघाली नाही, पण कडूपणाचा लोंबता शेवट गेला.

भाजलेले तीळ आणि मीठ घालून 45 टक्क्यांचे मिल्क चॉकलेट मी त्याच रात्रीसाठी नव्याने केले होते. तिळाचा खमंगपणा कॅबर्नेच्या ओकशी जुळला, दुधाने तुरटपणा सावरला, आणि बहुतेक जणींनी त्यालाच पसंती दिली. मिरीचे चॉकलेट शिराझबरोबर नाशिकइतकेच चांगले लागले. गोड वाइन आणि 70 टक्के ही जोडी मात्र शेवटी ठेवावी लागते, कारण तिच्यानंतर काहीही घेतले तरी ते आंबट लागते. एका मैत्रिणीने उत्सुकतेने त्यानंतर पुन्हा शिराझ चाखली आणि तिला ती ओळखू आली नाही.

आता ऑर्डर घेताना मी वाइन कोणती आहे हे आधी विचारते. ड्राय रेड असेल तर तीळ-मिठाचे मिल्क चॉकलेट किंवा मिरीचे 55 टक्के सुचवते, 70 टक्के हवेच असेल तर वर मीठ घालून देते आणि बरोबर एखादी गोड वाइन घ्या असे आग्रहाने सांगते. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीन ओळी छापून घेतल्या आहेत: चॉकलेट तासभर आधी फ्रिजबाहेर काढा; आधी वाइन, मग चॉकलेट, मग पुन्हा वाइन; सर्वांत गोड वाइन सर्वांत शेवटी.